सहा अंकांचा थांब्या

अक्षरबाईंनी एकोणीस वर्षांत महाकवचाला अकरा वेळा मारलं होतं. मारायचे अर्थात लेखकमहाशय. पण त्याची शेवटची किंकाळी दर वेळी अक्षरबाईंच्याच टाकातून उतरायची, म्हणून त्या पापात आपलाही वाटा आहे असं त्या धरून चालत. अकराही वेळा तो परत आला. एकदा मेला तो त्याचा जुळा भाऊ होता असं निघालं. एकदा सगळं स्वप्न होतं. एकदा परग्रहावरच्या कोण्या वैद्यानं त्याला बर्फात घालून ठेवलं होतं. आणि एकदा तर तो मेला आहे हेच लेखकमहाशय विसरले आणि पुढच्या अंकात त्याला खुशाल आकाशात उडवून मोकळे झाले. वाचकांची पत्रं आली तेव्हा जुळ्याचं तिळं करून वेळ मारून नेली.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती, खाली गाद्यांचं दुकान. लांबट खोली, उत्तरेकडे खिडक्यांची रांग, खिडक्यांखाली उतरत्या फळ्यांची पाच टेबलं. पहिल्यावर पेन्सिलीनं चित्रं निघत, दुसऱ्यावर त्यांना शाई चढे, तिसऱ्यावर मागच्या इमारती आणि भिंती भरल्या जात, आणि चौथ्यावर अक्षरबाई चित्रांतल्या रिकाम्या फुग्यांत माणसांची बोलणी लिहीत. हातानं, एकेक अक्षर. पाचव्या टेबलावर जुन्या अंकांचे गठ्ठे आणि त्यांवर वर्षानुवर्षं कोणाची तरी विसरलेली छत्री. लेखकमहाशयांचं नाव मुखपृष्ठावर असे, नायकाच्या नावापेक्षा जरा बारीक टाइपात, आणि तेवढाही फरक त्यांना खुपे. चित्रकाराचं नाव आत. अक्षरं लिहिणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही. झाडाला पानं फुटावीत तशी फुग्यात अक्षरं आपोआप फुटतात, अशी सगळ्यांची समजूत होती.

घरी सासरे होते. लिफ्टदुरुस्तीत उभी हयात घालवलेला माणूस, आता गुडघे गेल्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अडकलेला. आपल्याच इमारतीला लिफ्ट नाही, या गोष्टीवर त्यांचा रोज एक तास जाई. मुलगा पाणी उपसण्याच्या केंद्रावर पाळीला गेला की घरात बोलायला सूनच. तिनं आणलेला अंक ते चष्मा कपाळावर ढकलून वाचत. मोठी खास आवृत्ती आली की मात्र न उघडताच विचारत,

"मेला का?"

"मेला."

"कधीपर्यंत?"

एवढं विचारून ते कोडं सोडवायला घेत.

अक्षरबाईंचा तिरस्कार असा घरात मुरलेला, आंबवून आंबवून छान चढलेला होता. त्याची कचेरीत कोणाला खबर नव्हती, कारण चौथ्या टेबलाला मत असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. लेखकमहाशयांची भाषा त्या गुपचूप सुधारत आल्या होत्या. एकच वाक्य चौथ्या पानावर आणि नवव्या पानावर आलं की एक गाळायचं, नायक "मी गप्प बसणार नाही" असं म्हणून तीन फुगे बडबडला की दोन कमी करायचे. लेखकमहाशयांच्या ते कधीच ध्यानात आलं नाही. छापून आलेला अंक ते फक्त मुखपृष्ठापुरता बघत.

त्या वर्षी महाकवचाच्या बाराव्या मरणाची तयारी सुरू झाली. आतापर्यंतचं सगळ्यात मोठं, सगळ्यात खरं मरण, असं ठरलं. लेखकमहाशय आणि मुख्य चित्रकार यांना सहा महिने आतल्या खोलीत बसवण्यात आलं. पण त्यामुळे कंपनीच्या दुसऱ्या मासिकाला, ज्यात एरवी महाकवचच असे, नायकच उरला नाही. त्यावर सभा भरली. संपादक होते मालकांचे जावई. कचेरीत त्यांना तोंडावर साहेब आणि पाठीमागे जावईबापू म्हणत. लेखकमहाशय घाईघाईत सहा अंकांची एक कथा खरडून देऊन गेले होते, ती जावईबापूंनी मोठ्यानं वाचून दाखवली. पाचव्या मिनिटाला चौथ्या टेबलाकडून नाकातून आवाज आला.

"बाई, तुम्हाला काही म्हणायचं आहे?" जावईबापूंनी कागद खाली केला.

एकोणीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. अक्षरबाई म्हणाल्या, "एरवी मी दोनदा आलेल्यातलं एकदाचं काढून टाकते. यातलं मी काय काढू? सगळंच दोनदा आहे."

"मग तुम्हीच लिहा की."

हे ते चेष्टेत म्हणाले. पण भिंतीवरच्या वेळापत्रकात सहा चौकोन रिकामे होते, आणि रिकाम्या चौकोनांपुढे चेष्टा फार वेळ टिकत नाही. दुपारपर्यंत ठरूनच गेलं. सहा महिने भोक बुजवायचं, नवा नायक काढायचा नाही, कंपनीच्या नोंदवहीत जे वीर धूळ खात पडले आहेत त्यांतला कोणताही एक उचलायचा. चित्रांना तिसऱ्या टेबलावरची मुलगी घ्यायची, कारण दुसरं कोणी मोकळं नव्हतं.

तिसऱ्या टेबलावरची ती भिंतवाली. नऊ वर्षं तिनं फक्त भिंती काढल्या होत्या, महाकवचानं फोडायच्या. विटांच्या, दगडांच्या, पत्र्याच्या, काचेच्या. तिला एक चेहरा कोणी काढू दिला नव्हता. तिच्या भिंतींना ओल यायची, पोपडे धरायचे, एखाद्या विटेवर कोणीतरी खिळा ठोकून काढल्याची खूण असायची. आणि पुढच्या चौकटीत तो गाढव डोक्यानं त्यातून आरपार जायचा. "गाढव" हा तिचा शब्द. तो ऐकला आणि ही आपली, असं अक्षरबाईंना वाटलं.

दोघी न खपता परत आलेल्या अंकांच्या कोठीत बसल्या आणि नोंदवही चाळू लागल्या. एकशे चाळीस वीर होते. एक विजेचा, एक त्याहून जास्त विजेचा. एक माशांशी बोलणारा. एकाची नोंद नुसतीच "प्रचंड" अशी. अठ्ठ्याऐंशीव्या अंकातला एक मात्र वेगळा होता: थांब्या. तो दोन पानांपुरता आला होता. हलत्या वस्तूला शिवला की ती जागच्या जागी थांबते, एवढीच त्याची शक्ती. महाकवच आत जाईपर्यंत त्यानं एक मिटत चाललेलं पोलादी दार धरून ठेवलं, आणि मग लेखकमहाशय त्याला तिथेच दाराशी विसरले.

"नुसतं थांबवतो?" भिंतवाली म्हणाली. "यात काय गंमत?"

"फुकट थांबवतो म्हणून नाही," अक्षरबाई म्हणाल्या. "त्याला काहीतरी द्यावं लागू दे."

त्यावर दोन दिवस गेले. शेवटी असं निघालं की थांब्यानं काही थांबवलं की तेवढी गती त्याच्या अंगातून जाते. शरीराचा एक सांधा आखडतो तो कायमचा. सांधे मोजकेच आहेत. जपून वापरले तरी एक दिवस संपणार. अंक सहा आहेत. अक्षरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की शेवटचं पान आधी ठरवायचं, मग मागे यायचं. शेंडा ना बुडखा अशी गोष्ट महिन्याच्या महिन्याला लिहून त्यांची मनगटं दुखायला लागली होती.

भिंतवालीनं विचारलं की पोटापाण्याला तो काय करतो. महाकवच पोटाला काय करतो हे चारशे अंकांत कोणाला कळलं नव्हतं, त्यामुळे हा प्रश्न दोघींना फारच आवडला. थांब्या शिंपी झाला. बोटांवर ज्याचं पोट, त्याचीच बोटं आखडायला हवीत. त्याला बायको दिली. तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता.

पहिल्या अंकात उतारावरून ब्रेक निकामी झालेला ट्रक येतो आणि थांब्या त्याला शिवतो. ट्रक थांबतो. थांब्याच्या उजव्या हाताची करंगळी सरळ होते ती परत वाकत नाही. एवढंच. शेवटच्या पानावर तो कात्री धरायला जातो आणि करंगळी मधे येते. दुसऱ्या अंकात यारीचा, म्हणजे क्रेनचा, सुटलेला आकडा, आणि त्याचं डावं मनगट. या अंकात बायको पहिल्यांदा शिवणयंत्रावर बसते आणि तीन सुया मोडते.

तिसऱ्या अंकावरून कचेरीत बोलणं झालं, कारण तिसऱ्या अंकात थांब्या काहीच थांबवत नाही. समोर एक जाहिरातीचा फलक वाऱ्यानं सुटून रस्त्यावर येतो, खाली कोणीतरी आहे, आणि थांब्या दोन पावलं मागे सरकतो. त्याला आपला अंगठा हवा असतो. खालचा माणूस वाचतो, पण पाय गमावून. उरलेली सतरा पानं थांब्या त्या माणसाच्या घरासमोरून जाण्याचं टाळत हिंडतो. जावईबापूंनी हा अंक वाचून विचारलं की यात मारामारी कुठे आहे. अक्षरबाईंनी पान सात उघडून दाखवलं. तिथे थांब्या एकटा होता, आरशासमोर. जावईबापूंनी बराच वेळ पान उलटसुलट केलं आणि खप पाहून ठरवू, असं म्हणून ते गेले.

खप चढला. तिसऱ्या अंकाची पत्रं पिशवीतून आली. निम्मी पत्रं शिव्यांची होती, पण महाकवचाला आलेल्या पत्रांत असत तशा त्या नव्हत्या. लोक थांब्याला शिव्या देत होते, लेखकाला नाही. एका वाचकानं आठ पानं लिहून थांब्यानं काय करायला हवं होतं ते सांगितलं होतं, आणि शेवटी कबूल केलं होतं की आपणही मागेच सरकलो असतो.

आणि मग जावईबापूंनी अक्षरबाईंना आपल्या खोलीतल्या खुर्चीवर बसवून चहा मागवला. गरज लागली की मोठी माणसं जशी गोड होतात तसे ते गोड झाले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सहा अंकांचं बंधन आता विसरा. खप आहे तोवर चालवा. थांब्याचे सांधे परत येतील अशी काही सोय करा, एखादा शास्त्रज्ञ आणा, एखादं औषध आणा. चौथं टेबल सोडा, आतली खोली घ्या. आणि सातव्या अंकापासून मुखपृष्ठावर तुमचं नाव.

अक्षरबाई खुर्चीतून उठल्या तेव्हा त्यांच्या तोंडून नाही आलं नाही. हे नीट सांगायला हवं, कारण पुढे त्यांनी स्वतःला ते कधी माफ केलं नाही. एकोणीस वर्षं ज्या गोष्टीला त्या नाकं मुरडत होत्या ती समोर ताटात आली, आणि त्यांचा हात पुढे गेला. नाव. मुखपृष्ठावर. त्या घरी जाताना ते किती मोठ्या अक्षरांत बसेल याचा हिशोब करत होत्या, आणि त्यांच्याइतका त्यातला जाणकार गावात दुसरा कोणी नव्हता.

चौथा आणि पाचवा अंक ठरल्याप्रमाणे गेले. त्यांत थांब्याचे गुडघे गेले, कोपरं गेली, उरलेली बोटं गेली. सहावा अंक मात्र अक्षरबाईंनी दुसराच लिहायला घेतला. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी तो पेन्सिलीनं फुग्यांसकट आखला. त्यात एक शास्त्रज्ञ बाई होती, तिच्याकडे निळं द्रव होतं, आणि थांब्या पुन्हा सुईत दोरा ओवत होता. शेवटच्या चौकटीत खिडकीबाहेर एक सावली होती आणि थांब्या म्हणत होता, "तो क्षण अजून आलेला नाही." भिंतवालीला त्यांनी हे काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पानं सासऱ्यांपुढे ठेवली.

सासऱ्यांनी आधीचे पाच अंक दोन-दोनदा वाचले होते, कोडी बाजूला ठेवून. ते अर्धा तास वाचत बसले. मग चष्मा खाली ओढून म्हणाले,

"तुमचे लेखकमहाशय परत आले वाटतं?"

"का?"

"हे त्यांनीच लिहिलंय ना?"

अक्षरबाईंनी पानं उचलली आणि स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून परत वाचली. "तो क्षण अजून आलेला नाही." हे वाक्य त्यांनी महाकवचासाठी कमीत कमी दहा वेळा लिहिलं होतं. त्यांच्या हाताला ते इतकं पाठ होतं की ते मनातून आलं असं वाटलं, पण आलं होतं मनगटातून. इतकी वर्षं लेखकमहाशयांना मूर्ख समजताना त्यांना एक गोष्ट सुचलीच नव्हती: तोही गृहस्थ कधीतरी याच खुर्चीवर बसून चहा प्यायला असेल. त्यानं त्यांना लेखकमहाशयांविषयी माया वाटली असं नाही. स्वतःचीच किळस वाटली, आणि ती त्यांना जास्त उपयोगी पडली.

त्यांनी पानं फाडली नाहीत. मागची बाजू कोरी होती, म्हणून कच्चं काम करायला ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या सासऱ्यांपाशी येऊन बसल्या. सहाव्या अंकात काय थांबवायचं ते ठरलं होतं, पण नीट जमत नव्हतं. एका उंच इमारतीत लिफ्टचा दोर तुटतो, आत अकरा माणसं.

"पडत नाही," सासरे म्हणाले.

"काय?"

"लिफ्ट. दोर तुटला म्हणून लिफ्ट पडत नाही. सिनेमावाल्यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. खाली पाळण्याला, म्हणजे लिफ्टच्या डब्याला, जबडे असतात. वेग वाढला की ते रूळ आवळून धरतात. पाच वर्षं तेल-साफसफाई नसेल, जबडे गंजून बसले असतील, तरच पडेल." मग जरा नाखुशीनं, "अशा मी दोन बघितल्या. रिकाम्या होत्या."

अक्षरबाईंनी "जबडे" हा शब्द कागदावर लिहिला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. थांब्याकडे आता न आखडलेलं काय उरलं होतं? हात नव्हते, पाय नव्हते. बायको त्याला चाकाच्या खुर्चीतून गिऱ्हाइकांकडे नेत होती, माप तो तोंडानं सांगत होता.

तो उरला होता फक्त तोंडानं.

सहावा अंक असा झाला. थांब्या आणि त्याची बायको अकराव्या मजल्यावर एका गिऱ्हाइकाचे कपडे द्यायला गेलेली असतात. लिफ्टचं दार उघडं, पाळणा वरून खाली सुटलेला, गंजलेले जबडे रूळ धरत नाहीत. बायको खुर्ची दारापर्यंत ढकलते. तिनं ढकललं हे महत्त्वाचं, तिला कळत असतं ती काय ढकलते आहे. थांब्या पुढे झुकून पाळण्यामागून समोरून सरसरत जाणारी तुटकी तार दातांत धरतो. पाळणा थांबतो. अकरा माणसं बाहेर येतात, त्यांतली दोघं घाईत असल्यानं मागेही बघत नाहीत. आणि थांब्याचा जबडा मिटतो तो मिटतोच.

त्यापुढे आठ पानं होती, आणि आठही पानांत एकही फुगा नव्हता. बायको यंत्रावर बसून शिवते आहे. थांब्या समोर. ती कापड उचलून दाखवते. तो डोळ्यांनी सांगतो की शिवण वाकडी आहे. ती ऐकत नाही, पुढे शिवते. मग थांबते, चडफडत टाके उसवते. पुन्हा शिवते. तो बघतो. ती दोरा दातांनी तोडते. संपलं. भिंतवालीनं त्या खोलीची भिंत अशी काढली होती की नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्या भिंतीतून कोणी आरपार जाणार नव्हतं, आणि ते त्या भिंतीला माहीत असावं असं वाटत होतं. अक्षरबाईंनी त्या पानांवर काही लिहिलं नाही. चौकटींच्या कडांवरचे शाईचे दोन ठिपके तेवढे पांढऱ्या रंगानं झाकले.

जावईबापूंनी पानं बघितली आणि म्हणाले की शेवटची आठ पानं लिहायची राहिली आहेत.

"राहिली नाहीत," अक्षरबाई म्हणाल्या.

मग बराच वेळ जावईबापूंनी सांगितलं की वाचक वाचायला पैसे देतो, बघायला नाही. की शास्त्रज्ञ आणायचा होता त्याचं काय झालं. की निदान मेला तरी असता तर परत आणता आला असता, हे काय मधेच. अक्षरबाईंना मनातून बरं वाटलं. मरण तिथे सगळ्यात स्वस्त होतं, म्हणूनच त्यांनी ते वापरलं नव्हतं. जावईबापूंनी शेवटच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे 'क्रमशः' लिहा. बाकी सगळं राहू दे."

"पुढे काही नाहीये."

"असेल-नसेल. दार किलकिलं ठेवायला काय जातं?"

"वारा येतो," अक्षरबाई म्हणाल्या, आणि पानं तिथेच ठेवून आपल्या टेबलाशी गेल्या.

अंक छापून आला तेव्हा त्या कोपऱ्यात "क्रमशः" होतं. जावईबापूंनी महाकवचाच्या एका जुन्या अंकातून अक्षरबाईंच्याच हातचा तो शब्द कात्रीनं कापून डिंकानं चिकटवला होता. भिंतवाली तो अंक घेऊन तरातरा जावईबापूंकडे जायला निघाली. अक्षरबाईंनी तिला थांबवलं. त्या म्हणाल्या की ज्याला आठ पानं कळली नाहीत त्याला एक शब्द काय कळणार, तू आपली शाई वाळवू नकोस.

सातवा अंक लेखकमहाशयांनी लिहिला. बारावं मरण आटोपून ते मोकळे झाले होते. थांब्या एका सकाळी उठतो आणि सगळे सांधे चालू. आठव्यात त्याला जुळा भाऊ निघाला. नवव्यात तो महाकवचाच्या पथकात गेला, आणि तिथे त्यानं एक पोलादी दार धरून ठेवलं. तिन्ही अंकांची अक्षरं अक्षरबाईंनीच लिहिली, नोकरी होती. दोनदा आलेली वाक्यं मात्र त्यांनी या वेळी गाळली नाहीत. सगळी जशीच्या तशी, वळणदार अक्षरांत उतरवली. नववा अंक गठ्ठ्यांनी परत आला, आणि कोठीत बसायला जागा राहिली नाही.

पुढे काही महिन्यांनी दुपारच्या वेळी एक बाई तीन जिने चढून कचेरीत आली. कवळ्या बनवणारी होती, दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून दात घडवायची. बोटांच्या पेरांत गुलाबी मेण बसलेलं. थांब्याचा दुसरा अंक तिच्या हातात होता, मुखपृष्ठ फाटलेलं. नवा मिळेल का, विचारत होती. सहा अंक तिला एकत्र बांधून घ्यायचे होते. जावईबापूंनी तिला सांगितलं की नऊ आहेत, नऊही देतो, तीन तर फुकट देतो.

"नको," ती म्हणाली. "सहाच आहेत ते."

अक्षरबाईंनी मान वर केली नाही, पण टाक बाजूला ठेवला. जावईबापू गेल्यावर त्यांनी पाचव्या टेबलावरून दुसरा अंक काढून दिला आणि सहज विचारावं तसं विचारलं की शेवटी तर 'क्रमशः' असं छापलं होतं, मग सहाच कसे.

"तो शब्द त्या पानाचा नाही," कवळीवाली म्हणाली. "अक्षर तेच आहे, पण शाई जाड, आणि जरा कललेला. दुसऱ्याच्या तोंडातला दात बसवल्यासारखा. मला तेवढं कळतं."

अक्षरबाईंनी तिला बसायला स्टूल दिलं. आवडला का, असं विचारायची त्यांना लाज वाटली. पण न विचारताच ती सांगू लागली. म्हणाली, सहावा वाचल्यावर तीन दिवस लेखकाचा राग आला होता. त्या बायकोनं खुर्ची ढकलली कशी. ढकलली नसती तर काय झालं असतं. कामावर एका म्हाताऱ्याचे वरचे दात खाली लावले. माझा भाऊ महाकवच वाचतो, पंधरा वर्षं वाचतो आहे, त्याला विचारलं की तुला कधी असं झालं का. तर तो म्हणाला की अजून संपलं नाही ना, संपलं की सांगतो.

"आणि राग गेला कसा?" अक्षरबाईंनी विचारलं.

कवळीवाली म्हणाली, "गेला असं नाही. चौथ्या दिवशी सगळे सहा सलग वाचले. एका बैठकीत. आणि उठले. भावाला उठता येत नाही, मला आलं."

तिनं दुसरा अंक पिशवीत ठेवला, हे कोणी लिहिलं होतं हो, असं विचारलं. अक्षरबाईंनी आपण आणि ती, असं म्हणून तिसऱ्या टेबलाकडे बोट केलं. भिंतवाली त्या वेळी महाकवचासाठी एक किल्ला काढत होती. कवळीवालीनं दोघींकडे पाहिलं, नावं मात्र विचारली नाहीत. बांधणाऱ्याचं दुकान पाचला बंद होतं म्हणून ती घाईनं जिना उतरून गेली. नाव न विचारल्याचं अक्षरबाईंना त्या संध्याकाळपर्यंत थोडं लागलं, आणि आपल्याला लागलं याचा त्यांना रागही आला.

सासऱ्यांना त्यांनी हे घरी गेल्यावर सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की ते वरचे दात खाली लावलेल्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं.

महाकवच तेरा महिन्यांनी परत आला. या वेळी काळाच्या उलट्या प्रवाहातून. त्याच आठवड्यात वेळापत्रकावर पुन्हा चौकोन रिकामे पडले, आणि जावईबापूंनी पुन्हा चहा मागवला. त्यांनी मोठ्या मनानं कबूल केलं की मागच्या वेळी सहा अंकांत काहीतरी होतं. काय होतं ते त्यांना सांगता येईना, पण होतं. तेव्हा बाईंनी आणि त्या मुलीनं पुन्हा सहा करावेत; जमलं तर बारा. नोंदवहीतला कोणताही वीर घ्यावा.

अक्षरबाईंनी आणि भिंतवालीनं तो आधीच घेतला होता. कोठीत, नवव्या अंकाच्या गठ्ठ्यांवर बसून त्यांचं शेवटचं पान ठरून झालं होतं.

"चार," अक्षरबाई म्हणाल्या.

"सहा तरी करा, बाई."

"चारचीच गोष्ट आहे."

जावईबापूंना वाटलं, बाई घासाघीस करताहेत. त्यांनी पाच म्हणून पाहिलं.